वाढ या शब्दातला ढ

सातवीच्या एका वर्गाला मी मराठी शिकवत होते. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वर्गाचा पट एकसष्ट. डिसेंबरात वह्या तपासायला घेतल्या तेव्हा एका मुलाच्या वहीपाशी हात थांबला. अक्षर सुरेख, ओळी सरळ, समास आखलेला, प्रश्न लाल शाईत आणि उत्तरं निळ्या. पण प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती. तिच्यात लिहिलेलं: पट ६१, हजर ५४, पुसू नये. पुढच्या पानावर पट ६१, हजर ५७, पुसू नये.

शाळेत शिकवणाऱ्याला हे लगेच कळेल. फळ्याच्या कोपऱ्यात वर्गप्रमुख रोज सकाळी हे लिहितो आणि दिवसभर कुणी हात लावू नये म्हणून खाली ‘पुसू नये’ घालतो. या मुलाने फळ्यावर जे जे दिसलं ते सगळं उतरवून घेतलं होतं, कारण त्यातलं काय धड्याचं आणि काय फळ्याचं हे त्याला कळत नव्हतं. तो लिहीत नव्हता, अक्षरांची चित्रं काढत होता. आणि त्यातल्या अकरा पानांवर माझी सही होती, ‘छान’ असा शेरा मारून.

मी त्याला टेबलापाशी बोलावलं आणि म्हटलं, वाच बरं. त्याने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी शांतपणे म्हणाला, “बाई, मी ढ आहे.” हजेरीचा नंबर सांगावा तसं. त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही, मला तेच सहन झालं नाही. मागून दोन मुली म्हणाल्या, “हो बाई, तो ढ आहे, त्याला नाही येत.” चिडवायला नव्हे. नव्या बाईंना माहीत नसेल तर सांगावं, इतक्या साध्या सुरात.

नंतर त्याच्याशी बसून बोलले तेव्हा कळलं ते असं. वर्गात आळीपाळीने वाचन चाले, तेव्हा त्याच्या नंबराला आलं की वाचन पुढच्या मुलावर जाई. चौथीपासून असंच. कुणी त्याला मारलं नव्हतं, कुणी टाकून बोललं नव्हतं. फक्त ‘तो ढ आहे’ एवढं सगळ्यांना माहीत होतं आणि तेवढ्यावर तीन वर्षं निघाली होती. माझ्या वर्गातही वाचन असंच पुढे सरकत होतं. मी ते डिसेंबरपर्यंत पाहिलं नाही.

तेव्हापासून हे एक अक्षर माझ्या मनातून जात नाही. ‘ढ’ ही शिवी आहे म्हणून ती वाईट, असं मला म्हणायचं नाही. शिव्या मुलं एकमेकांना देतात आणि मधल्या सुट्टीत विसरतात. माझं म्हणणं असं आहे की ‘ढ’ हा शब्द चौकशी थांबवतो. तो एकदा उच्चारला की या मुलाला का येत नाही, हा प्रश्न विचारायची गरज कुणालाच उरत नाही. शिक्षकाला नाही, आईबापांना नाही आणि शेवटी त्या मुलालाही नाही.

मराठीत वेडेपणाला आणि मूर्खपणाला शब्दांची कमी कधीच नव्हती. खुळा, येडा, बावळट, वेंधळा, मठ्ठ, ठोंब्या, अकलेचा कांदा, दीडशहाणा. पण हे शब्द वाक्यात कसे चालतात ते जरा पाहा. वेड ‘लागतं’, म्हणजे ते बाहेरून येतं आणि जाऊही शकतं. खूळ डोक्यात ‘शिरतं’ आणि उतरतं. मूर्खपणा माणूस ‘करतो’, म्हणजे ती एक कृती असते, उद्या न करण्याजोगी. वेंधळेपणा ‘होतो’. शिवाय यांतले कितीतरी शब्द मायेनेही वापरता येतात. ‘वेडी कुठली’ असं आई लेकीला म्हणते तेव्हा त्यात लाड असतो. ‘येड्या, असं करतात का’ म्हणणारा मित्र जवळचाच असतो. ‘ढ’चं तसं नाही. ढ लागत नाही, होत नाही, उतरत नाही. मूल ढ ‘असतं’. पहिलीत असतं आणि सातवीतही असतं. तो शब्द मायेने वापरलेला मी तरी कधी ऐकला नाही.

हा शब्द आला कुठून, याची एक गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. ब्राह्मी या देवनागरीच्या पूर्वज लिपीतली सगळी अक्षरं दोन हजार वर्षांत बदलत गेली, एकट्या ‘ढ’ने आपलं रूप सोडलं नाही, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ढ. गोष्ट हुशारीने रचलेली आहे आणि ढ फारसा बदलला नाही, एवढा भाग खराही आहे. सम्राट अशोकाच्या काळचा, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला ‘ढ’ आजही ओळखू येतो, फक्त त्याच्या डोक्यावर रेघ नसते. पण तेवढ्यावर त्या बिचाऱ्या अक्षराला दोषी धरायचं तर ‘ठ’चं काय? ब्राह्मीतला ठ म्हणजे एक गोल. आजचा ठही शेंडी लावलेला गोलच. ‘ट’ही फारसा हललेला नाही. ठ आणि ट या आरोपातून सुटले. आणि अशोकाचे लेख जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने १८३७च्या सुमारास वाचून दाखवले, त्याआधी ब्राह्मीतला ढ कसा होता हे कुण्या पंतोजींना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे ही गोष्ट फार तर त्यानंतरची. गुजरातीतही ढ हाच शब्द याच अर्थाने चालतो. उच्चारातला जडपणा, ढकलल्यासारखा निघणारा आवाज, ‘ढब्बू’ आणि ‘ढोला’ यांची संगत, यातून तो आला असणं मला जास्त पटतं.

पण त्या लेखांकडे वळलोच आहोत तर आणखी एक सांगते, कारण ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिले होते. गुजरातेतल्या गिरनारच्या खडकावर कोरलेल्या अशोकाच्या चौथ्या लेखात ‘वढिते’ असा शब्द आहे. अर्थ, वाढलं. लोकांमधलं धर्माचरण वाढलं, असं राजा सांगतो आहे. ज्या अक्षराला आपण ‘कधीच न वाढणारं’ म्हणून मुलांच्या कपाळी मारलं, त्या अक्षराने तेव्हा ‘वाढणं’ लिहिलं होतं. आजही लिहितो. वाढ, चढ, ओढ: ढ वजा केला तर या तिन्ही शब्दांत काही उरत नाही.

मूर्ख कुणाला म्हणायचं, याचा आपल्याकडे फार जुना आणि फार तपशिलाने विचार झाला आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं सांगितली आहेत. ती एकामागून एक वाचत गेलं की लक्षात येतं, सगळी वागण्याची आहेत. आईबापांना विरोध करणारा, स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, कारण नसताना हसणारा, सांगितलं तरी विवेक न धरणारा. बुद्धी किती, याचं माप कुठेच नाही. वाचनाबद्दलही तिथे आहे: अक्षरं गाळून वाचतो किंवा पदरची घालतो, पुस्तकाची निगा राखत नाही, तोही एक मूर्ख. या ओवीपाशी मी अडखळले, हे कबूल करते. अक्षरं गाळणारी आणि पदरची घालणारी मुलं मी रोज पाहिली आहेत आणि त्यांतली कितीतरी जीव तोडून वाचत होती. पण समर्थ हे सगळं कशासाठी सांगतात, ते त्यांनी समासाच्या शेवटी सांगितलं आहे. ही लक्षणं ऐकली की चातुर्य अंगी बाणतं. म्हणजे मूर्खपणा हा ऐकून, कळून, सोडून देण्याजोगा आहे. आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात ते पढतमूर्खाची लक्षणं सांगतात. भरपूर शिकलेला आणि तरीही मूर्ख. त्या समासाकडे आम्ही शिक्षक मंडळी सहसा वळत नाही.

जोतीराव फुल्यांनी तर हा प्रश्न मुळापासूनच उलटा करून मांडला. ‘विद्येविना मति गेली’. आधी विद्या गेली, मग मती गेली. शेवटी ते म्हणतात, इतके अनर्थ एका अविद्येने केले. ज्याला शिकू दिलं नाही त्याच्या डोक्यात खोट आहे, हे त्या काळी किती सहज म्हटलं जात असेल याची कल्पना करा. जोतीरावांनी ती खोट माणसातून काढून अविद्येवर ठेवली. या ओळी ज्यात आहेत तो ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा आहे. आपण मात्र अजूनही वर्गातल्या मागच्या बाकाकडे बोट दाखवून मतीवरच बोलतो.

आता या एका अक्षराखाली काय काय दडलेलं असतं ते बघा. कधी नुसता चष्मा. कधी कानात साचलेला पू, ज्यामुळे मुलाला बाईंचं अर्धंच बोलणं ऐकू येतं. हे शाळेच्या आरोग्य तपासणीत कळू शकतं आणि कळतंही, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही.

कधी घरची भाषा. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, नंदुरबारकडचं भिली नाहीतर पावरी, गडचिरोलीतलं गोंडी किंवा माडिया. पहिलीत आल्यावर त्याच्यासमोर पुस्तकातली मराठी येते. ते गप्प बसतं. गप्प बसलेल्या मुलाला काय म्हणतात ते सांगायला नको. मोठ्या माणसाला उद्या चेन्नईतल्या शाळेत तमिळमध्ये बसवलं तर तोही गप्पच बसेल, पण त्याला कुणी ढ म्हणणार नाही, त्याला तमिळ येत नाही असं म्हणतील. आणि ज्यांची घरची भाषा मराठीच आहे त्यांचं ‘पानी’, ‘लोनी’, ‘म्या’ आम्ही लाल शाईने खोडतो. त्या बोलीत चूक काहीच नसते. पण मुलाला कळतं ते एवढंच की आपण तोंड उघडलं की चुकतो.

कधी कोयता. बीड, अहिल्यानगर, धाराशिव या भागांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या आसपास निघतात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात परततात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीवर असते, तिला एक कोयता म्हणतात. त्या कोयत्याबरोबर लेकरंही जातात. हंगामी वसतिगृहं आहेत, आजीजवळ ठेवलेली मुलं आहेत, तरीही फडावर वाढणारी मुलं कमी नाहीत. तिसरीतलं मूल भागाकार सुरू व्हायच्या आधी जातं आणि अपूर्णांक संपल्यावर परत येतं. त्याला भागाकार येत नाही. चौथीत येत नाही, पाचवीतही नाही, कारण भागाकार पुन्हा कुणी शिकवतच नाही. पाचवीच्या शिक्षकांना तो ऊस दिसत नाही, फक्त न येणारा भागाकार दिसतो.

आणि कधी खरोखरच वाचनाची अडचण असते. जिला डिस्लेक्सिया म्हणतात, जी कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता या नावाखाली येते. आपली लिपी मोठ्यांना सोपी वाटते, पण तिच्यात मुलांना अडवणाऱ्या जागा आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि बोलायची मात्र नंतर. ‘कि’ वाचताना डोळा आधी वेलांटीवर पडतो आणि तोंडाला आधी क लागतो. घ आणि ध, भ आणि म यांच्यात फरक केवढासा. जोडाक्षरात अर्धं शरीर हरवलेलं व्यंजन ओळखायचं. बहुतेक मुलं हे हळूहळू पचवतात. काहींना ते पचत नाही, आणि त्याचा अक्कल कमी असण्याशी काही संबंध नसतो. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, त्यांत ही अक्षमताही आली. दहावीला अशा मुलांना जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण त्यासाठी आधी कुणाला तरी शंका यावी लागते. ‘ढ’ म्हणून मोकळं झालेल्या वर्गात शंका कशी येणार?

माझ्या सहकाऱ्यांचे आक्षेप मला माहीत आहेत, कारण स्टाफरूममध्ये ते मी वर्षानुवर्षं ऐकले आहेत. एकसष्ट मुलांत एकेकाकडे कधी पाहायचं? हा आक्षेप खरा आहे. तो मी झटकून टाकणार नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, यातून उरलेल्या वेळात शिक्षक शिकवतो. पण मग तसंच म्हणावं ना. ‘मला वेळ मिळाला नाही’ हे वाक्य आणि ‘तो ढ आहे’ हे वाक्य, दोन्हींत मूल मागेच राहतं. फरक एवढाच की पहिल्या वाक्यात अडचण शिक्षकापाशी आणि सरकारपाशी राहते, तिच्यासाठी भांडता येतं. दुसऱ्यात ती नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात जाऊन बसते. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ असं आम्ही दमून म्हणतो. घडा पालथा आहे हे दिसतं, तर तो उचलून सरळ करायचं काम कुणाचं?

दुसरा आक्षेप असा की आम्हालाही ढ म्हणत होते, आमचं काय बिघडलं? हे म्हणणारे सगळे शिक्षक, इंजिनियर, बँकेतले साहेब असतात. ‘मी गणितात अगदी ढ होतो’ हे वाक्य खुर्चीत बसून बोलायला बरं वाटतं. ज्यांचं बिघडलं ते आपल्या स्नेहसंमेलनाला येत नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं आपल्या कानावर पडत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. शब्द बदलून काय होणार? आणि याबाबतीत आक्षेप घेणाऱ्यांचं बरंचसं बरोबर आहे. ‘मतिमंद’ हा शब्द एके काळी सौम्य म्हणून आला होता. आज कॉलेजातली पोरं ‘ए मंद’ म्हणून एकमेकांना हाका मारतात. मग गतिमंद आला, मग विशेष आला. शाळांत ‘ढ’ची सरकारी आवृत्तीही आली: अप्रगत. २०१५मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला, हेतू चांगला होता, प्रत्येक मूल शिकलं पाहिजे असंच त्यात म्हटलं होतं. पण वर्गात काय उतरलं? अप्रगतांची यादी. साहेब तपासणीला यायचे म्हटलं की ‘अप्रगत पोरं कुठंत?’ असा प्रश्न, आणि पोरांना ती यादी तोंडपाठ. म्हणून ढच्या जागी दुसरं गोड विशेषण आणा, असं मी म्हणतच नाही. मुलापुढे विशेषणच नको. वाक्य हवं. ‘जोडाक्षरं वाचताना अडखळतो.’ ‘हातच्याची वजाबाकी येते, भागाकार शिकलेला नाही, नोव्हेंबर ते मार्च गावात नव्हता.’ ‘फळ्यावरचं दिसत नाही असं वाटतं, डोळे तपासायला सांगितलं.’ अशा वाक्यात पुढचं काम आपोआप येतं. प्रगतिपुस्तकात नोंदींसाठी जागा असते. तिथे आपण ‘अभ्यासात प्रगती हवी’ लिहितो. कुणाची, कशात, कुणी करायची, काहीच त्यातून कळत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारायला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही. छडी बऱ्याच अंशी गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचा मला आनंद आहे. या शब्दाला मात्र कुणी छळ मानत नाही. आणि आता हा प्रश्न आणखी जवळ आला आहे. २०२३-२४पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली. उत्तीर्ण न होणाऱ्याला फेरपरीक्षेची संधी आहे, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात राहायचं. वर ढकलत नेण्यापेक्षा हे बरं, असं म्हणणारे बरेच आहेत, त्यांच्यातल्या काहींची तळमळ खरी आहे. पण ज्या वर्गात त्या मुलाला काय येत नाही हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही, त्याच वर्गात त्याला आणखी एक वर्ष बसवून काय साधणार? त्या वर्षात त्याला पुन्हा तेच शिकवलं जाईल, तसंच, आणि त्याच्या नंबराला आलं की वाचन पुन्हा पुढे जाईल. फक्त आता त्याच्या ‘ढ’वर सरकारी शिक्का असेल.

त्या मुलाबरोबर मी जानेवारीपासून रोज मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटं बसले. पंधराच, त्याहून जास्त मला जमत नव्हती. अक्षरं त्याला सगळी येत होती. अडत होतं ते वेलांट्या आणि जोडाक्षरांपाशी, आणि त्याहून जास्त एका सवयीपाशी: शब्दाचं पहिलं अक्षर पाहून तो बाकीचा अंदाजाने म्हणे आणि माझ्या तोंडाकडे बघे. मी मान हलवायचं सोडून दिलं, तेव्हा तो शब्दाकडे बघू लागला. फेब्रुवारीच्या शेवटी एके दिवशी त्याने आपलीच जुनी वही उघडली आणि कोपऱ्यातली चौकट हळूहळू वाचली. पु, सू, न, ये. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “बाई, हे तर फळ्याचं होतं.” आणि खोडरबर शोधायला लागला. मी म्हटलं, राहू दे.

वाचन त्याचं अजून फार संथ होतं, सातवीचं पुस्तक त्याला झेपत नव्हतं. पुढच्या वर्षीच्या बाईंना मी चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली, त्याला काय येतं आणि कुठे अडतं याची.

वर्ष संपताना हजेरीपट घेऊन बसले. एकेका नावापुढे, त्या मुलाला एकट्याने मोठ्याने वाचताना मी शेवटचं कधी ऐकलं, ते आठवून लिहायला घेतलं. एकसष्टांपैकी नऊ नावांपुढची जागा कोरी राहिली.